बाळाभाऊंचा इंटरकूलर

तुमची गाडी पेण-वडखळच्या रस्त्यात कुठं अडकली आणि तुम्ही बाळाराम म्हात्र्यांना फोन लावलात, तर ते तुमचं नाव विचारणार नाहीत. तुम्ही कुठं आहात हेसुद्धा विचारणार नाहीत. पहिला हुकूम येतो, "फोन बोनेटजवळ न्या आनी स्टार्टर मारा." तुम्ही आधीच घाबरलेले असता, बाजूनं ट्रेलर सुसाट चाललेले असतात, आणि तशात मुकाट्यानं फोन बोनेटवर धरून उभे राहता. गाडी खोकते. पलीकडून "हं... हं..." ऐकू येतं. मग निकाल लागतो. "बंद नाय पडली, दमलीय. गाडी कदी बंद पडत नाय, समजला काय? मानूस तिला दमवतो." आणि फोन कट. थोड्या वेळानं त्यांचाच पुन्हा फोन येतो, "पन तुमी हाव कुठं?"

बाळाभाऊ टोचनवाले. बिघडलेल्या गाडीला हुकाला अडकवून ओढून नेतात त्याला आमच्याकडं टोचन म्हणतात, आणि बाळाभाऊंचा जुना डिझेलचा टोचन-ट्रक आमच्या सामाईक अंगणात उभा असतो. अंगणाच्या उरलेल्या भागात माझे पापड वाळतात. माझा पोह्या-पापडांचा धंदा आहे, टेम्पोही मीच चालवते. आमची ओळख भांडणानंच झाली. एका सकाळी त्यांनी ट्रक चालू केला आणि काळ्या धुराचा लोट थेट माझ्या उडदाच्या पापडांवर. मी तावातावानं गेले, तर हे शांतपणे म्हणाले, "मिरी घातली समजा." मी त्यांना जे काय सुनावलं ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पापड उचलल्याशिवाय ते ट्रक चालू करत नाहीत, आणि त्यांना घाई असली की स्वतःच उचलतात, तेही वेडेवाकडे.

गाडीशी ते बाईशी बोलावं तसं बोलतात. पोचले की मालकाकडं ढुंकूनही न बघता बोनेटवर हात ठेवून, "काय गो बाय, कुनी दमवली तुला?" मग मालकाकडं असा कटाक्ष टाकतात की चांगले सुटाबुटातले लोकसुद्धा खाली बघतात. दोर लावून कोणी गाडी ओढताना दिसलं की यांचं पित्त खवळतं. "सुंभ बांधून वढायला ती काय बकरी हाय?" आणि सगळ्यावर कडी म्हणजे, हुकाला लावलेल्या गाडीच्या नंबर प्लेटवर ते आपला टॉवेल पांघरतात. का? तर लोक बघतात, तिला लाज वाटते. पोलिसांनी याबद्दल दोनदा अडवलं. दोन्ही वेळा बाळाभाऊंनी साहेबांनाच विचारलं, "तुमाला चौघांनी उचलून न्यावा लागला, तर तुमी तोंड झाकाल का नाय?" एका साहेबांना हसू आलं, दुसऱ्यांना आलं नाही. त्या दुसऱ्यांचा दंड भरला, पण टॉवेल काही सुटला नाही.

त्यांच्या बायकोचं नाव हिरा. माझी हिरावहिनी. तिची आई रोह्याला, नदीपलीकडच्या अष्टमीत राहते. म्हातारी न्हाणीत पडली, खुबा मोडला, आणि एकुलती एक मुलगी म्हणून हिरावहिनी आईचं करायला तिकडं गेली. आज जाईल, चार दिवसांत येईल असं करता करता दोन वर्षं उलटली. तेव्हापासून बाळाभाऊ एकटे. सुकट भाजतात, भात टाकतात, आणि वासानं अख्ख्या आळीला कळतं की आज पुन्हा करपलं.

"मग जाऊन या की अष्टमीला," मी म्हटलं. "पेणहून रोहा काय लांब आहे?"

त्यांनी मला वेड्यात काढलं. "जावयानं सासरी उगाच जायचा नसतो, ताई. बोलावना पायजे, नायतर काम पायजे. रिकामा जावय दिसला का सगली आळी इचारते, काय वो पावनं, हितंच राह्यला आलाव काय?"

पूर्वी ही अडचण नव्हती. रोह्याकडं गाडी दमली की बाळाभाऊ इकडचं गिऱ्हाईक सोडून तिकडं धावायचे. कामावर आलेला जावई, त्याला कोण हसणार? जाता जाता अष्टमीत थांबायचं, उंबऱ्यावर बसून चहा घ्यायचा, हिरावहिनीची दोन बोलणी खायची आणि गाडी ओढत पेणला यायचं. पण गेल्या उन्हाळ्यात घात झाला. कलिंगडांनी भरलेली पिकअप रोह्याहून ओढत आणताना, नागोठण्याच्या अलीकडं भिसे खिंडीत यांच्या ट्रकचाच दम संपला. काळा धूर, घरघर, आणि अर्ध्या चढावर ट्रक उभा. नागोठण्याहून दुसरी क्रेन आली आणि टोचनवाल्यालाच टोचन लावून घेऊन गेली. बाळाभाऊंनी त्या दिवशी स्वतःच्या ट्रकच्या नंबर प्लेटवर टॉवेल टाकला आणि केबिनमध्ये मान खाली घालून बसले. पेणच्या नाक्यापर्यंत मान वर केली नाही, असं कलिंगडवाला सांगतो.

त्यानंतर रोह्याचा फोन आला की, "नाय जमनार." खांब गावावरून फिरून यावं तर तिकडं सुकेळीची खिंड. कुठूनही या, मधे डोंगर आहेच. गाडी ओढत खिंड चढत नाही म्हणून रोह्याचं काम नाही, काम नाही म्हणून अष्टमी नाही. आणि माणूस तोंडानं काय म्हणायचा? "रोह्याचा गिऱ्हाईक लय चांगला, ताई. तेवढा गेला, त्याचा वाईट वाटते." मी म्हटलं, हो, ते गिऱ्हाईक मला माहीत आहे, चहात आलं जास्त घालतं. त्यावर ते पाना शोधायला ट्रकखाली शिरले.

आणि एक दिवस ते वडखळच्या भंगारवाल्याकडून इंटरकूलर घेऊन आले. अपघातात गेलेल्या एका बसचा. केबिनमध्ये शेजारच्या सीटवर बसवून, खाली गोधडी घालून आणला होता. दिसायला मोठी ॲल्युमिनियमची जाळी. मी विचारलं, हे काय करतं? त्यांना तेवढंच हवं होतं. "टर्बो काय करतो, हवा दाबून विंजिनात कोंबतो. दाबली का हवा तापते. तापलेली हवा इरळ, तिनं विंजिनाचा पोट भरत नाय. ही जाळी तिला मधेच गार करते. गार हवा दाट. पोटभर खाल्ला का खिंड काय, सह्याद्री चढंल." आपल्या ट्रकला टर्बो होता पण इंटरकूलर नव्हता, म्हणजे बिचारी इतकी वर्षं अर्धपोटी राबली, या विचारानं त्यांचे डोळे खरोखर ओले झाले.

पुढचे कितीतरी दिवस अंगणात दुसरा विषय नव्हता. आधी जाळीच्या पोटातलं जुनं तेल रॉकेलनं धुऊन काढलं. मग तिच्या वाकलेल्या पात्या सरळ करायला बसले, फणी घेऊन. पूर्ण टक्कल पडलेला माणूस मांडीवर जाळी घेऊन हलक्या हातानं फणी फिरवतोय, हे बघायला गल्लीतल्या बायका पाण्याचं निमित्त करून येऊन गेल्या. रेडिएटरच्या पुढं जाळी बसेना, म्हणून बंपर पुढं सरकवला. वेल्डरनं पट्ट्या मारल्या. रबरी पाईप आणले, ते आखूड निघाले, दुसरे आणले. जोडांवर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघितलं. एक बारकासा फुगा आला, तर बाळाभाऊंनी त्या क्लिपला अशा शिव्या घातल्या की मी पापड सोडून घरात गेले.

सगळं जमल्यावर नारळ फुटला, आणि इथंच माशी शिंकली. एवढं मोठं काम झालं, मग आईची कृपा नको का? बाळाभाऊंनी पत्र्याची चांगली रुंद पाटी रंगवून आणली, "आई एकवीरेची कृपा", कडेनं वेलबुट्टी, आणि ती ट्रकच्या तोंडावर मधोमध ठोकली. वर झेंडूचा हार, लिंबू, मिरच्या. मग एक बंद ट्रक हुकाला लावून वडखळच्या पुलावर चढवायला गेले. तासाभरानं परत आले ते घामाघूम. पूर्वीपेक्षा लवकर इंजिन तापलं होतं. डिझेल-पंपाचा मिस्त्री म्हणाला डिझेल वाढवा, वेल्डर म्हणाला पाईप बदला, बाळाभाऊ म्हणाले नजर लागली, आणि अजून एक लिंबू वाढवलं.

मी पापड उलटत ट्रकच्या तोंडाकडं बघत होते. माझी सगळी हयात वाऱ्याच्या भरवशावर गेली. वाळवणाच्या पुढ्यात कोणी साधी चादर टाकली तरी माझे पापड रडतात. मी म्हटलं, "बाळाभाऊ, जाळीला वारा लागायला हवा ना? मग तो जाणार कुठून? पुढं तर तुम्ही दार लावलंय."

त्यांनी पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. चूक कळली होती, पण पेच मोठा होता. "ताई, आईला खाली कशी उतरवू?"

"खाली कशाला? माडीवर बसवा."

दुसरा नारळ फुटला, आईची माफी मागितली, आणि पाटी केबिनच्या डोक्यावर गेली. त्याच पुलावर ट्रक वर गेला तेव्हा धूर जवळजवळ नव्हता. बाळाभाऊंनी गल्लीभर पेढे वाटले.

आता फक्त रोह्याकडं कुणाची तरी गाडी दमायला हवी होती. आणि रोह्याच्या लोकांना काय झालं होतं कोण जाणे, एकाचीही गाडी बिघडेना. बाळाभाऊ फोन हातात घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायचे. शेवटी एका सकाळी माझ्यापाशी आले, उगाच दोन पापड सरळ केले आणि म्हणाले, "ताई, तुमचा टेम्पो रोह्याला जातो ना मालाला? तिकडं जरा... दमवाल काय?"

मला हसू आवरेना, पण त्यांचं तोंड बघून आवरलं. माल उतरवून झाल्यावर मी धडधाकट टेम्पो अष्टमीत त्यांच्या सासूच्या दारासमोर उभा केला आणि फोन लावला. "फोन बोनेटजवळ न्या आनी स्टार्टर मारा," ते म्हणाले. अहो, नाटक ठरलेलं! तरी मी स्टार्टर मारला. टेम्पो एका फटक्यात चालू झाला. "हं... हं..." पलीकडून आलं. "लय बिघडलीय. निघालो."

आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. हिरावहिनी उंबऱ्यावर. तिनं टेम्पोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काय गो, आत्ता तर माझ्यासमोर चालत आला ना ह्यो?"

"आतून दमलाय," बाळाभाऊ टेम्पोकडं बघत म्हणाले.

"आनी माझी फनी कुठं हाय घरातली? जाली विंचरताना फोटो पाठवलाय तुमचा शेजारनीनं."

एवढ्यात आतून, खाटेवरून म्हातारीचा आवाज आला. "कोन आलाय गो?"

"तुजा जावय. गाडी न्यायला आलाय."

"वरीस झाला," म्हातारी म्हणाली. तिचं अंग थकलं होतं, आवाज नाही. "मला बगायला यायला लोकांच्या गाड्या मोडायला लागतान काय त्याला? रोज सांच्याला ही रस्त्याकडं तोंड करून भाजी निवडते. चार काड्यांची भाजी, आनी तासभर निवडते. मला पाय नाय, डोले हायेत. सांग त्याला, उगाच ये म्हनावं."

"गप गो आये," हिरावहिनी म्हणाली, आणि चहा ठेवायला आत वळली. पदर तोंडाला लावला होता. बाळाभाऊ चपला काढून उंबऱ्यावर टेकले. चहा घेतला, खाटेपाशी जाऊन म्हातारीच्या पायांना हात लावला आणि बाहेर येऊन टेम्पोला लावायला हुक काढला.

मी हळूच म्हटलं, "मग मी टेम्पो चालवत नेऊ का? आता नाटकाची गरज नाही."

"नाय ताई. खिंड चढायलाच पायजे."

टेम्पो मागं, मी केबिनमध्ये. भिसे खिंडीच्या पायथ्याशी त्यांनी गिअर पाडला. पूर्वी जिथं ट्रक थांबला होता ते वळण आलं. ट्रक न कुरकुरता वर गेला. मला वाटलं आता हे ओरडतील, हॉर्न वाजवतील. पण माथ्यावर त्यांनी ट्रक बाजूला घेतला, उतरले, आणि टेम्पो हुकावरून सोडवला.

"ताई, पुढं उतारच हाय. तुमचा टेम्पो चालू हाय. तुमी जाल ना घरी?"

"जाईन. आणि तुम्ही?"

त्यांनी रोह्याकडं बघितलं, टायरला उगाच लाथ मारून बघितली, काहीतरी कारण शोधत होते. मग शोधणं सोडून दिलं.

"मी परत अष्टमीला जातो."

"काय काम राहिलं?"

"काम काय नाय. उगाच."

त्यांनी ट्रक वळवला. मी टेम्पोपाशी उभी राहून बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं. मागचा हुक रिकामा हलत होता, आणि बाळाभाऊ भर दुपारी, कसलंही काम नसताना, सासरी चालले होते.