ऑर्विल टोलेफसन यांच्या गोळ्यांचे सार्वजनिक वाटप

म्हाताऱ्या माणसाला औषध देणे मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते त्याचे औषध त्यालाच देणे. या दुसऱ्या भागाकडे वैद्यकशास्त्राने अजून म्हणावे तसे लक्ष दिलेले नाही, त्यामुळे तो घरच्या मंडळींना आपापल्या अकलेने पार पाडावा लागतो. मिनेसोटातल्या तळ्याकाठी राहणाऱ्या टोलेफसन कुटुंबाने तो ज्या अकलेने पार पाडला, तिचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

ऑर्विल टोलेफसन हे या कुटुंबातले वडील. जन्मभर गोठ्यागोठ्यातून दूध गोळा करणारा ट्रक चालवला, आणि आता विस्मरणाच्या आजाराने घरी बसलेले. जेवण झाले हे ते विसरत. बायको गेली हे विसरत. लाइल हा आपला मुलगा आहे हेही अधूनमधून विसरत (यात त्यांचे फारसे नुकसान नव्हते). मुलगी मार्लिस शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी सोडून त्यांच्यापाशी राहायला आली होती. तिला ते कधी बहिणीच्या नावाने हाक मारत, कधी एका जुन्या गाईच्या. गाय लाडकी होती, म्हणून मार्लिस वाईट वाटून घेत नसे. रात्री उशीत तोंड खुपसून थोडे रडे, एवढेच. शिष्टाचार मात्र ऑर्विल कणभरही विसरले नव्हते.

आरंभी कुटुंबात दुहेरी औषधयोजना लागू होती. सकाळी मार्लिस गोळ्या देई: एक रक्तदाबाची, एक लघवी होण्याची, एक स्मरणशक्तीची. शनिवार-रविवारी शहरातून गाडीभर सल्ले घेऊन येणारा लाइल विचारी, "बाबा, गोळ्या घेतल्या का?" वडिलांना काहीच आठवत नसे, आणि खोटे बोलणे स्वभावात नव्हते, म्हणून ते म्हणत, "नाही बुवा." मग लाइल पुन्हा देई. पुढच्या शनिवारी 'लाइल देतोच आहे' म्हणून मार्लिस देत नसे, आणि 'ती रागावते' म्हणून लाइलही देत नसे. सरासरी काढली तर औषध डॉक्टरांनी सांगितले तेवढेच पोटात जात होते. पण शरीराला सरासरी कळत नाही. एका रविवारी रक्तदाब असा काही घसरला की ऑर्विल खुर्चीतून उठलेच नाहीत, आणि रुग्णवाहिका बोलवावी लागली.

त्यानंतर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याकडून निरोप आला: परिचारिका घरी येऊन औषध देण्याची पद्धत समक्ष पाहील. समाधान झाले नाही, तर वडिलांना वृद्धाश्रमात हलवावे लागेल. लाइलने आश्रम पाहूनही ठेवला होता.

"मोठी काचेची पेटी आहे तिथे, माशांची. बाबांना मासे आवडतात."

"पकडायला आवडतात, लाइल," मार्लिस म्हणाली. तिचा जीव टांगणीला लागला होता. या घरातून बाबांना हलवले, तर उरलेसुरलेही ते विसरतील, अशी तिला खात्री होती.

त्यातच वडिलांनी गोळ्या नाकारायला सुरुवात केली. "नको नको, आजारी माणसाला दे," असे ते समजुतीने सांगत. तेव्हा मार्लिसने क्रांतिकारक पाऊल उचलले. तिने गोळ्या कुटून लिंबाच्या वड्यांत घातल्या. घोटाळा नको म्हणून औषधाच्या वडीवर अर्धा अक्रोड लावला. बशी रोज चाटूनपुसून परत येऊ लागली, आणि मार्लिसने सुटकेचा निःश्वास टाकला.

याच काळात गावात काही शुभ घटना घडल्या. लाइल शनिवारी दुपारी सोफ्यावर गाढ झोपू लागला, त्यामुळे सल्ल्यांत लक्षणीय घट झाली. रविवारी चर्चला जाता जाता ऑर्विलना भेटून जाणाऱ्या पाद्रीबाबांचे प्रवचन इतके आटोपशीर झाले, की मंडळींनी ते वर्षातले सर्वोत्तम ठरवले (शेवटची प्रार्थना अर्धवट टाकून ते कुठे पळाले, हे विचारणे कोणाला बरे वाटले नाही). शेजाऱ्यांच्या कुत्र्याला जुनी पुरलेली हाडे एकाएकी आठवली. याला शास्त्रीय आधार नाही, पण हाडे निघाली. मार्लिसने या घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध जोडला नाही.

परिचारिका आली. नाव जोलीन, त्याच भागातली. मार्लिसने कॉफी ओतली, वड्यांची बशी मांडली आणि अक्रोडाची वडी नीट वडिलांच्या बाजूला केली. ऑर्विलनी बशी निरखली आणि सावकाश फिरवून अक्रोड पाहुणीसमोर आणला. सगळ्यात देखणी वडी स्वतःकडे ठेवणारा माणूस त्या गावात अजून जन्मायचा होता.

"घ्या ना," ते म्हणाले.

"नको नको, आत्ताच खाऊन आले."

"एकच. अक्रोड लावलाय बघा."

"अहो, उगीच कशाला!"

"आता काढून ठेवलीय, वाया जाईल."

"बरं, अर्धीच घेते हं," म्हणत जोलीनने हात पुढे केला.

मार्लिसच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोफ्यावरचा लाइल, पळणारे पाद्रीबाबा, कुत्रा, सगळे एका रांगेत उभे राहिले. गप्प बसावे तर परिचारिका औषध खाणार. बोलावे तर बाबा जाणार. पाहुण्याच्या हातातला घास काढून घेणे हा तिथे गुन्हा नाही, कारण असे कोणी करील हे कायदा करणाऱ्यांना सुचलेच नव्हते. मार्लिसने झडप घातली आणि अख्खी वडी स्वतःच्या तोंडात कोंबली.

"मार्लिस!" ऑर्विल कडाडले. "पाहुण्यांच्या पुढ्यातलं?"

कित्येक महिन्यांनी त्यांनी तिचे नाव बरोबर घेतले होते. मार्लिस भरल्या तोंडाने हसायलाही लागली आणि रडायलाही.

"आधी थुंका," परिचारिका म्हणाली. "आता सांगा काय ते."

मार्लिसने सगळे सांगितले. कुत्र्याचेही सांगितले. जोलीन खिडकीकडे तोंड करून बराच वेळ खांदे हलवत उभी राहिली. मग तिने डॉक्टरांना फोन करून काय द्यायचे ते विचारून घेतले.

"तुम्ही गोळी देताना काय म्हणता यांना?"

"'आ करा, बाबा.'"

"किती वेळा?"

"एकदाच. ते नको म्हणतात."

"बाई, तुम्ही इथल्याच ना?"

जोलीनने गोळी बशीत ठेवली आणि बशी पुढे केली. "घ्या ना, ऑर्विल."

"नको नको, कशाला."

"कॉफीबरोबर छान लागते."

"तुम्हालाच राहू दे."

"आता काढून ठेवलीय."

"बरं, अर्धीच द्या," ऑर्विल म्हणाले. (गोळी सुदैवाने मोडता येण्यासारखी होती. उरलेल्या अर्धीसाठी पुन्हा तीनदा आग्रह झाला.) ती गिळून ते प्रसन्नपणे म्हणाले, "छान झालीय. कोणी केली?"

"राहू द्या यांना घरीच," जोलीन म्हणाली. "गोळ्या एकाच माणसानं द्यायच्या, आणि वड्यांत फक्त लिंबू." मार्लिसने तिला मिठी मारली. तिथे हेही सहसा कोणी करत नाही.

निघताना जोलीनला खिडकीत एक बाटली दिसली. "ही कोणाची?"

"माझी. थायरॉइडची."

"आज घेतलीत?"

मार्लिसने बाटली हलवून पाहिली. हे तिला आजवर कोणी एकदाही विचारले नव्हते. "घेतली असेल," ती म्हणाली. ऑर्विलनी रिकामी बशी तिच्याकडे सरकवली. "घे ना, पोरी."

वाचकहो, तुम्ही हसलात, ते बरे केलेत. आता तुमच्या सकाळच्या गोळीचे सांगा. घेतलीत? नक्की? बसा, सात वारांच्या कप्प्यांची डबी पाहायला उठू नका. मंगळवारचा कप्पा रिकामा आहे, हे आम्हालाही माहीत आहे. प्रश्न एवढाच, की आज मंगळवार आहे हे तुम्हाला कोणी सांगितले?