गुप्त मोदक

कॅल्गरीतल्या एका मराठी मंडळाची रीतसर दोन मंडळं झाली, त्याला यंदा वर्ष झालं. मतभेदाचा मुद्दा इतिवृत्तात लिहायचा राहून गेल्यामुळे तो आता कुणालाच आठवत नव्हता. एकीकडे अध्यक्ष शशिकांतराव, दुसरीकडे सुधाकरराव. दोघेही तेल कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर आणि चाळीस वर्षांचे जिवलग मित्र. उकडीचे मोदक करणाऱ्या यंत्राचा आराखडाही दोघांनी मिळूनच काढला होता. फुटीनंतर तो शशिकांतरावांच्या बेसमेंटमध्ये राहिला आणि त्यांनी एकट्यानं यंत्र उभं केलं. ते चालतं का, हे गणपतीत कळणार होतं.

शशिकांतरावांना जुन्या अमेरिकी हेरपटांचा भारी नाद. महायुद्धाच्या काळातले, कृष्णधवल. गुप्त शस्त्र तिजोरीत असतं आणि शेवटी पहारेकरीच शत्रूचा माणूस निघतो. असे साठेक पाहिल्यावर माणसाच्या हातून साध्या मनानं मोदक होत नाहीत.

त्यांनी सुरक्षा उपसमिती नेमली. नियम पहिला: आपल्या कामापलीकडचं कुणालाही कळता कामा नये. नियम दुसरा: जो विचारील, त्याचं नाव लिहून घ्यावं. त्यानुसार नीलिमाताईंनी बारा किलो तांदळाची पिठी आणली, ती कशासाठी हे त्यांना सांगितलं नाही. नंदननं हॉल बुक केला, पण तारीख त्यानं हॉलवाल्यांना बंद पाकिटातून दिली. निमंत्रणं वेळेवर गेली. त्यांत पत्ता नव्हता.

"अहो, ॲड्रेस तरी टाका ना ग्रुपवर," सुनंदाताई म्हणाल्या. "लोक येणार कसे?"

शशिकांतरावांनी बायकोकडे रोखून पाहिलं. "हे तुला कुणी विचारायला सांगितलं?"

यादीत सुनंदाताईंचा नंबर एक्केचाळिसावा लागला. त्या दिवसापासून बेसमेंटमध्ये कपडे धुवायला जाताना त्यांना पास दाखवावा लागे.

मग उपसमितीचे सातही जण हेर म्हणून सुधाकररावांच्या मंडळात शिरले. सुधाकरराव त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होते, पण त्यांनी तसं दाखवलं नाही, बसायला खुर्च्या दिल्या. दर सोमवारी अहवाल येई: 'बटाटेवडे उत्तम. कट अद्याप उघड नाही. निगराणी महिनाभर वाढवावी.'

गणपतीच्या दिवशी यंत्र सुरू झालं. तासाला दोनशे मोदक, प्रत्येकाला अकरा पाकळ्या, एकही फुटला नाही. शशिकांतराव आनंदानं मागे वळले, तर हॉलमध्ये गणपतीशिवाय कुणी नव्हतं. उपसमिती निगराणीवर होती आणि बाकीच्यांना पत्ता ठाऊक नव्हता. शशिकांतरावांना फार वाईट वाटलं. एवढं साधलं आणि दाखवायला माणूस नाही!

इतक्यात दार उघडून सुधाकरराव आत आले. धापा टाकत होते.

"शशी, चार कम्युनिटी सेंटर्स फिरलो रे! चाललं का आपलं मशीन?"

'आपलं' म्हटल्यावर शशिकांतराव वर्षभराचं सगळं विसरले. त्यांनी गरम मोदक ताटलीत घेतला, वर तुपाची धार धरली, दोन पावलं पुढे गेले. आणि त्यांना नियम दुसरा आठवला.

ताटली खाली ठेवून त्यांनी पेन काढलं. "हे तुला कुणी विचारायला सांगितलं?"

सुधाकररावांनी काय उत्तर दिलं, ते अहवालात आहे आणि अहवाल गोपनीय आहे. तुम्हाला जाणून घ्यायचं असेल, तर अवश्य विचारा. यादीत पुढची ओळ कोरीच आहे.