हादऱ्यांचा उपचार

हरिहरपंतांनी त्या सोमवारी कचेरीत जाताना नेहमीची गल्ली सोडली आणि ते बाजारातून गेले, एवढंच काय ते झालं. गल्लीतून गेले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण बाजारात एका दुकानाच्या दाराशी हमाल गोणीत तांदूळ भरत होता. गोणी तोंडापर्यंत आली, तरी पाटीत तांदूळ उरलेलाच. हमालानं गोणी दोन्ही हातांनी धरली, वर उचलली आणि धाडकन आपटली. एकदा, दोनदा, तीनदा. तांदूळ निमूट खाली बसला.

हरिहरपंत जागच्या जागी थबकले. त्यांना एकदम आपली बायको आठवली.

(आठवण्याचं कारण आकार नव्हे. गैरसमज नको.)

हरिहरपंत कल्याणच्या कचेरीत कारकून होते. ही गोष्ट सन १८८४-८५च्या सुमाराची. घरात ते आणि त्यांची बायको सगुणा, दोघंच. वडीलधारं बाईमाणूस कुणी उरलं नव्हतं. सगुणेला सहावा महिना लागला होता आणि गेले दोन महिने तिच्या पोटानं असहकार पुकारला होता. दोन घास खाल्ले की छातीत जळजळ. पाणी प्यायलं तरी आंबट ढेकर. पोट तट्ट. सकाळी परसाकडं जायची ती पाऊण तासानं, गेली तशीच परत यायची.

"छातीत फार जळतं," ती म्हणायची.

"सावकाश जेवत जा," हरिहरपंत म्हणायचे, आणि पागोटं चढवून कचेरीत जायचे.

तसे ते दुष्ट नव्हते. उलट फार घाबरट होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचं एक मूल असंच, पोटात असताना, सहाव्या महिन्यात गेलं होतं. त्याबद्दल दोघं कधी चकार शब्द बोलत नसत. पण या खेपेला आपण काहीतरी केलं पाहिजे, असं हरिहरपंतांच्या मनानं घेतलं होतं. काय केलं पाहिजे, ते मात्र सुचत नव्हतं. ते त्या गोणीनं सुचवलं. अन्न वरच अडकून बसलंय. त्याला खाली बसवायचं तर हादरे हवेत.

संध्याकाळी घरी येताच त्यांनी जाहीर केलं, "रविवारी टिटवाळ्याला जायचं. तुझ्या माहेरी. गणपतीचं दर्शनही होईल."

सगुणेचा चेहरा उजळला. "आगगाडीनं जाणं होईल ना?"

"छे, बैलगाडीनं."

"आगगाडी किती सुखाची! पेला भरून ठेवला तरी सांडत नाही म्हणतात."

"म्हणूनच नको."

"म्हणूनच म्हटलं."

"अगं, म्हणूनच नको म्हणतोय!"

सगुणेला काही उलगडलं नाही. पण माहेर ते माहेर. ती गाठोडं बांधायला लागली.

रविवारी सकाळी खडवलीचा धोंडीबा गाडी घेऊन दाराशी हजर झाला. शहाणा माणूस. पोटुशी बाई बसायची म्हणून त्यानं गाडीत हातभर पेंढा पसरून वर गोधडी घातली होती. हरिहरपंतांनी ती उचलून पाहिली.

"एवढा पेंढा कशाला?"

"बाईसायबांस्नी हादरं लागू नयेत म्हून."

हरिहरपंतांनी दोन्ही हातांनी पेंढा उपसला आणि बैलांपुढे टाकला. (त्या दिवशी पंतांवर खूश झालेले जीव एवढे दोनच.)

गाव मागं पडलं. कापणी होऊन गेलेली, दोन्ही बाजूंना मोकळी खाचरं. धोंडीबा बैलांना चुचकारत अगदी हळू, खड्डे चुकवत चालला होता. तासाभरात एकही हादरा बसला नाही. पंत अस्वस्थ झाले.

"अरे, जरा दगडांवरून घे की."

"रस्ता चांगला हाय की, सायब."

"रस्ता सोड. ते बघ, त्या खाचरातून घाल. बांधांवरून."

धोंडीबानं गाडी थांबवली. मागं वळून त्यानं आधी सगुणेकडे पाहिलं, मग पंतांकडे. "बाईंचे दिस किती झाले?"

"सहावा चालू आहे."

"आन् तुमाला तिला बांधावरनं न्यायचीय?"

"हादरे बसल्याशिवाय खाली कसं उतरेल?"

धोंडीबानं कासरा खाली ठेवला, गाडीवरून उतरला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. "ह्या पापात मला घेऊ नका," तो म्हणाला.

यात पाप कसलं, ते हरिहरपंतांना कळलं नाही. (कळलं तेव्हा ते तीन दिवस जेवले नाहीत.) हट्टी गाडीवान, एवढंच त्यांना वाटलं. त्यांनी स्वतः कासरा हातात घेतला. आयुष्यात त्यांनी बैल कधी हाकले नव्हते. पण बैलगाड्यांविषयीचे तक्रारअर्ज मात्र कचेरीत पुष्कळ वाचले होते, आणि तेवढ्या अभ्यासावर त्यांचा भरवसा होता.

गाडी खाचरात उतरली. पहिला बांध आला. धाड!

"कसं वाटतंय?" पंतांनी विचारलं.

सगुणेनं गाडीची कड घट्ट धरली होती.

दुसरा बांध. धाड!

"काही उतरल्यासारखं वाटतंय का गं?"

"अहो, पुरे," सगुणा म्हणाली. "थांबवणं व्हावं."

पंतांना थांबवायचं होतं. पण थांबवायचं कसं, ते त्या अर्जांमध्ये कुणी लिहिलं नव्हतं. त्यांनी कासरा ओढायच्या ऐवजी झटकला. पेंढा खाऊन ताजेतवाने झालेले बैल उधळले. तिसऱ्या बांधावर एक चाक चरात गेलं, गाडी कलली आणि हरिहरपंत पागोट्यासकट उडून धसकटांत जाऊन पडले.

उठून पाहतात तो सगुणा गाडीतच होती. पांढरीफटक. दोन्ही हात पोटाशी.

"कळ आली," ती म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी ती हेच दोन शब्द बोलली होती. तेव्हाही अशीच भर दुपार होती.

धोंडीबा धावत आला. त्यानं एकट्यानं खांदा लावून चाक वर काढलं. शेतमालकाच्या पेंढ्याच्या उडवीतून दोन भारे ओढून गाडीत पसरले, वर स्वतःची कांबळ घातली आणि सगुणेला कुशीवर निजवलं. मग तो गाडी हाकू लागला. हरिहरपंत गाडीला हात लावून बाजूनं चालत होते. एका पायातला जोडा खाचरातच राहिला होता. तो शोधायचं त्यांना सुचलंही नाही.

टिटवाळं दिसू लागलं तेव्हा धोंडीबा एवढंच बोलला, "सायब, आमी गाभण म्हस नेली तरी खाली पेंढा घालतो."

पंत नुसते चालत राहिले.

सासरे भाऊ ओटीवरच होते. लेकीला पाहून ते काही न विचारता ठमाबाई सुइणीला आणायला स्वतः धावत गेले. ठमाबाई आल्या, सगुणेला आत घेतलं, दार लोटलं. पंत दाराबाहेर उभे. आतून ठमाबाईंचा खणखणीत आवाज येत होता.

"कळ कुठून निघते? ... बरं, कुठं जाऊन थांबते? ... आणि जळतं म्हणतेस, ते कुठं? इथं? की इथं, घशाशी?"

मग हुंदके.

"अगं, रडतेस का? इतकं दुखतंय?"

"नाही," सगुणेचा आवाज आला. "दोन महिने मी सांगतेय. कुठं जळतं, ते कुणी विचारलंच नव्हतं."

हरिहरपंतांनी भिंतीला डोकं टेकलं.

अर्ध्या तासानं ठमाबाई बाहेर आल्या. "बाळ झकास आहे. लाथा मारतंय. पोटात वारा धरला होता, तो सुटला."

"सुटला म्हणजे?"

"म्हणजे सुटला, जावईबापू. आणखी खुलासा करू?"

पंतांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. ठमाबाईंनी विचारलं, पोरीला शेतातून का नेलंत? पंतांनी गोणीची हकिकत सांगितली. पुरी सांगितली. ओटीवर भाऊ होते, सासूबाई होत्या, पायरीवर धोंडीबा होता. कुणी हसलंही नाही, आणि तेच पंतांना फार लागलं. पोर पाडायचा डाव नव्हता, हे कळून धोंडीबानं तेवढा लांब श्वास सोडला आणि सासूबाईंनी दिलेलं, इतका वेळ तसंच ठेवलेलं पाणी तोंडाला लावलं.

"गोणीचं तोंड सुतळीनं शिवलेलं असतं," ठमाबाई म्हणाल्या. "बाईची या दिवसांत ती सुतळीच ढिली पडते. नुसती तीच नाही, अंगच सगळं सैल पडतं. सांधे सैल, शिरा सैल, आतडी सैल. पोराला जागा व्हायला हवी ना! रक्तातच तसा रस उतरतो. मग आतडी आळसावतात, अन्न आत रेंगाळतं, अन् वरचं तोंड ढिलं म्हणून आंबट घशाशी येतं. ते आपटून कसं खाली जाईल? चार घास कमी, चार वेळा जास्त. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. उशाला उंच. बस्स."

(पुढे कित्येक वर्षांनी डॉक्टरांनी त्या रसांना भारी भारी नावं दिली. ठमाबाईंना नाव ठाऊक नव्हतं, काम ठाऊक होतं.)

सगुणा आता बाळंत होईपर्यंत माहेरीच राहील, असं भाऊंनी ठरवलं. जावयाला विचारलं नाही. हरिहरपंत एका जोड्यानिशी आगगाडीनं परत आले. आगगाडी खरोखरच फार सुखाची होती. प्रत्येक स्टेशनागणिक त्यांना ते जास्त जास्त कळत गेलं.

घरी आले तो सगुणेच्या अंथरुणाशी तीन घड्या केलेली जाजमं आणि एक पाट भिंतीला टेकवून ठेवलेला दिसला. हा पसारा रोज सकाळी उचलायला सांगून ते तिच्यावर डाफरत असत. आता त्यांच्या लक्षात आलं, की ती दोन महिने बसून झोपत होती. ते स्वतः त्या पाटाला टेकून बसून पाहू लागले. घटकाभरात त्यांची मान धरली. ती तशीच धरून ते दोन दिवस कचेरीत गेले आणि कुणी विचारलं तर काही बोलले नाहीत.

आपण तिला एवढंच विचारायचं, असं त्यांनी ठरवलं. कुठं जळतं? बाकी मोठी माफी वगैरे आपल्याला जमायची नाही, पण हे जमेल.

ते जमेना. जावई सासुरवाडीला आला म्हणजे बायकोशी चारचौघांत बोलायची सोय नाही. रविवारी सकाळच्या आगगाडीनं जायचं, भाऊंबरोबर झोपाळ्यावर बसायचं आणि भाऊंच्या स्वतःच्या पोटाची तक्रार ऐकायची. भाऊंचं कुठं जळतं, ते पंतांना दोन रविवारांत तोंडपाठ झालं. सगुणा पाणी ठेवून जायची. मान खाली, नजर पाटावर.

तिसऱ्या रविवारी स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांना पाठमोरं लुगडं दिसलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी दाराच्या चौकटीला धरून, सगळा जिव्हाळा ओतून, हळूच विचारलं, "कुठं जळतंय?"

"अगं बाई, जळलं का?" म्हणत सासूबाई वळल्या आणि चुलीवरचं भाताचं पातेलं धाडकन उतरवलं.

जावईबापूंना वासाबद्दल फार कळतं, अशी त्या घरात बातमी पसरली. पुढचे तीन रविवार त्यांच्या पानात भात कच्चा, भाकरी पांढरी आणि वांगी करकरीत येऊ लागली. पंतांनी तक्रार केली नाही. त्यांना वाटलं, बरंच आहे. आपल्यालाही थोडं पोटात दुखू दे.

फाल्गुनातला तो रविवार. भाऊ देवळात गेले होते, सासूबाई शेजारी. हरिहरपंत पाय धुवायला मागच्या पडवीत आले तो समोर सगुणा. एकटी. पोट चांगलंच खाली आलेलं, एक हात कमरेवर. ती कोठीच्या खोलीकडे निघाली होती. पंत नेमके तिच्या वाटेत उभे राहिले.

"सगुणे," ते म्हणाले. बायकोचं नाव त्यांनी तिच्या तोंडावर पहिल्यांदाच घेतलं. "मी गाढव आहे."

तिची मान खालीच होती.

"तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. तुझे रस्त्यात हाल हाल केले. बाळाला काही झालं असतं तर... मला ते रोज दिसतं. तुझं ते तोंड दिसतं." "तीन महिने झाले, मला तुला एकच गोष्ट विचारायची आहे. नीट सांग. मी सगळं ऐकून घेईन. कुठं जळतं गं?"

सगुणेनं पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

"आता नाही हो जळत," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले. बाळ खाली उतरलं, छाती मोकळी झाली, असं ठमाबाई म्हणाल्या."

"मुळीच नाही? थोडंसुद्धा?"

"मुळीच नाही. आता नुसती भूक लागते." तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्यांच्या खांद्यावरून कोठीच्या दाराकडे नजर टाकली. मग तिच्या तोंडून, लग्नानंतर पहिल्यांदाच, 'व्हावं'-बिवं काही न लावता, थेट हुकूम निघाला, "सरका बघू. वाट अडवलीये."