सोडू का?

नळ काढणं म्हणजे काय हो? उलटं फिरवायचं, की आला हातात! हे मी सकाळी चहा पिता पिता बायकोला ऐकवलं, आणि तेही पायावर पाय टाकून. ती भांडी घासत होती. तिच्यासमोरचा नळ गंजून हिरवा पडला होता. बंद केला तरी गळायचा आणि उघडला तरी गळायचाच, फक्त जरा जोरात. ती प्लंबरला फोन करते म्हणाली. मी म्हटलं, माझ्या हातांना काय झालंय?

"तुम्हाला जमेल?" तिनं विचारलं.

हा प्रश्न मी लग्नापासून ऐकत आलोय. दिवा बदलताना, बरणीचं झाकण उघडताना, एकदा तर शिट्टी वाजवताना. जमल्यावर मात्र ती काही म्हणत नाही, पुढच्या कामाला लागते. एकदा तरी तिच्या तोंडून 'जमलं हो तुम्हाला' ऐकायचं, एवढीच माझी इच्छा. लोक जग फिरायची स्वप्नं बघतात, मी हे बघतो.

ठरलं ते असं. तिनं बाथरूममधला पाण्याचा मुख्य कॉक बंद करायचा आणि तिथंच थांबायचं. मी सिंकखालच्या कपाटात शिरून जुना नळ काढणार, नवा बसवणार, आणि "सोड" म्हणालो की तिनं पाणी सोडायचं. यात चुकण्यासारखं काही होतं का? मला तरी दिसलं नाही.

कपाटात मी डोक्यापासून कमरेपर्यंत मावलो. मावलो म्हणजे बाटलीत बूच बसतं तसा बसलो. एक खांदा भिंतीला, दुसरा सांडपाण्याच्या पाइपाला, आणि नाकासमोर सिंकचं गोल बूड. पाण्याचा पाइप नळापासून सहज सुटला आणि माझ्या हनुवटीपाशी लोंबत राहिला. नळाचा नट मात्र सिंकच्या मागे, इतक्या अडचणीत की पाना नखाएवढाच फिरायचा. मग पाना काढायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा नखाएवढा. नट गंजून नळाशी एकजीव झालेला. त्याला मी शिलाई मशीनचं तेल पाजलं, चुचकारलं, शेवटी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लावा, फिरवा, काढा. लावा, फिरवा, काढा. आणि कधीतरी तो सुटला! वर सिंकमध्ये नळ आडवा झाल्याचा आवाज आला.

आता बाहेर यायचं आणि नवा नळ घ्यायचा. पण खरं सांगू, आत फार बरं वाटत होतं. साबणाचा आणि ओलसर लाकडाचा वास. दाराच्या फटीतून येणारी उन्हाची एक पट्टी माझ्या पोटावर पडलेली. रस्त्यावरच्या गाड्या कुठेतरी लांब, पाण्याखालून चालल्यासारख्या. मी म्हटलं, जरा डोळे मिटू, हात दुखताहेत.

मग तिथं नदी होती. मी उथळ पाण्यात उताणा पडलो होतो आणि पाठीखालचे गोटे ऊबदार होते. काठावर बायको बसली होती. लग्नाच्या वेळी होती तशी, वेणी पुढे घेतलेली. तिच्या हातात कागदाची होडी. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "सोडू का?"

"सोड गं राणी," मी म्हणालो. "अगदी हळूच सोड."

पहिला थेंब ओठांवर पडला तोही गोडच लागला. पुढची सगळी नदी नाकात गेली.

मी उठून बसायला गेलो आणि सिंकच्या बुडानं मला परत झोपवलं. "बंद कर!" मी ओरडलो. बाथरूममधून कट्ट असा आवाज आला. मग तिचा आवाज, "अहो, कॉकची चावीच हातात आली."

कॉकही नळाच्याच वयाचा होता, हे लक्षात घ्यायला हवं होतं. मी चाचपडत पाइपाचं तोंड शोधलं आणि त्यावर अंगठा दाबला. पाणी थांबलं. थोडंसं बाहीतून काखेत जात होतं, पण त्याची तक्रार कोण करतो! बायको टाकीवरूनच पाणी बंद करायला वॉचमनकडे खाली पळाली. टाकीच्या खोलीची किल्ली वॉचमनच्या खिशात होती आणि वॉचमन जेवायला गेला होता. त्याला निरोप धाडून ती परत आली, ओल्या फरशीवर बसली आणि तिनं कपाटात डोकं घातलं. मी बोलणी खायला तयार झालो.

"ती राणी कोण?" तिनं विचारलं.

"कोण राणी?"

"मघाशी मी 'सोडू का' विचारलं तेव्हा म्हणालात ती. मला 'अगं' सोडून दुसरी हाक नाही तुमची. मी हळूच फिरवणार होते, पण ते ऐकलं आणि हाताला जोर आला."

मी सगळं सांगितलं. नदी, गोटे, वेणी, होडी. ती ऐकत राहिली. तिच्यामागे डब्याचं एक झाकण पाण्यावर तरंगत बाहेरच्या खोलीकडे निघालं होतं, ते आम्ही दोघांनीही जाऊ दिलं.

"मग जागेपणी म्हणून दाखवा," ती म्हणाली.

नट परवडला, हा शब्द घशातून सुटेना! इतक्या वर्षांत कधी न वापरलेला शब्द. तिनं पदरानं माझ्या कपाळावरचं पाणी टिपलं. ती लाजली होती, मला स्पष्ट दिसलं, आणि मला भरून आलं.

"राणी," मी म्हणालो, आणि तिचा हात हातात घेतला.

पण हात घ्यायला हात लागतो. एक खांद्यासकट भिंतीशी अडकलेला होता. मी दुसरा पुढे केला होता, अंगठ्यासकट.

फवारा थेट तिच्या तोंडावर बसला. तिनं डोळे पुसले, केस मागे सारले आणि माझ्याकडे बघितलं.

"जमलं हो तुम्हाला," ती म्हणाली.

माझ्या दोन्ही कानांत पाणी होतं, तरी ते मला अगदी स्वच्छ ऐकू आलं.