आधी गेलेलं गाळा

ऑफिसच्या नेटवर्कवाल्याला पुनरुक्तीचा भारी तिटकारा. त्या सकाळी बायकोशी वाजलं तेही त्यावरूनच. "तेच तेच काय विचारतेस?" म्हणून तो डाफरला. ती त्याच इमारतीत हिशेब विभागात होती. दोघं वेगवेगळ्या लिफ्टने वर गेली.

केबिनमध्ये बसताच त्याने डोकं लढवलं. डेटाबेसला क्वेरी विचारतो तशी वाहत्या नेटवर्कलाच विचारली तर? त्याने एका ओळीत लिहिलं: प्रत्येक पॅकेट, म्हणजे निरोपाचा प्रत्येक तुकडा, एकदाच जाऊ दे, आधी गेलेलं पुन्हा आलं तर गाळ. नेटवर्क पिसासारखं हलकं झालं आणि गडी खूश झाला.

दुपारी पडद्यावर लाल ओळ उमटली: 'प्रिंटर मृत.' मग दिवे मृत, दारं मृत. मजल्यामागून मजला काळा पडत आला. पाठीमागे कुणीतरी श्वास घेत होतं. तो स्वतःच होता, पण खात्री करायला वळायची हिंमत होईना.

"अहो, दार उघडा!" त्याने केबिनची काच बडवली.

"साहेब, तुम्ही आत आहात?" पलीकडून पहारेकरी चाचरत म्हणाला. "दाराचं मशीन म्हणतंय, आत कुणीच नाही!"

तेव्हा कुठे त्याला उमगलं. प्रत्येक यंत्र सारखं 'मी आहे' एवढंच सांगत असतं, तेही त्याच शब्दांत. पहिलं गेलं, पुढची सगळी त्यानेच गाळली होती. क्वेरी काढायला त्याने पासवर्ड टाकला. तो सकाळचाच, म्हणून तोही गाळला गेला.

तेवढ्यात बायकोचा मेसेज आला. "लिफ्ट अडकलीय. मिट्ट काळोख आहे. तू आहेस ना?"

"हो," त्याने लिहिलं. गेलं नाही. दूध आणण्याबद्दलचा 'हो' आधीच जाऊन बसला होता.

"दाराबाहेर काहीतरी खरवडतंय. राग धरलायस का अजून?"

"नाही." हेही जुनंच. "कामात आहे." हे तर कितीदा गेलेलं. घाबरून त्याने सुचेल ते लिहिलं: "सकाळी चूक माझी होती."

क्षणात गेलं. त्या नेटवर्कमधून असलं वाक्य आजवर गेलंच नव्हतं.

पहारेकऱ्याने अखेर काच फोडली. नेटवर्कवाल्याने धावत जाऊन क्वेरी चालवणाऱ्या यंत्राची वायर उपटली. दिवे आले, लिफ्ट उघडली. पांढरीफटक पडलेली बायको बाहेर आली आणि त्याचा हात घट्ट धरून म्हणाली, "ते परत म्हण ना."

त्याने तोंड उघडलं. वायर तर उपटलेली होती, तरी आवाज काही फुटला नाही.