आजोबांच्या घरी कोण कुठे झोपायचं

"आत्या, आजोबांच्या घरात कोण कुठल्या खोलीत झोपायचं?"

निवृत्त ग्रंथपालांनी हा प्रश्न विचारला आणि आत्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"खोल्यांची चौकशी कशाला?"

"सहज. नातवंडांसाठी घराण्याचा इतिहास नोंदवून ठेवतोय."

"सहज कोणी खोल्या विचारत नाही. वकिलाने पाठवलंय का तुला?"

ग्रंथपाल गोरेमोरे झाले. आजोबांचं घर नीट आठवणारी आता आत्याच एकटी उरली होती, आणि तिलाही हल्ली कालचं आज आठवत नसे. ती गेली की सगळंच गेलं. 'आजोबा कसे होते?' असं विचारलं तर माणसं 'देवमाणूस होते' म्हणतात आणि विषय संपवतात, म्हणून झोपण्याच्या जागांपासून सुरुवात करावी, असा बेत त्यांनी बराच विचार करून आखला होता. आता तोच चुकला की काय, असं त्यांना वाटू लागलं.

"घर विकून जमाना झाला, आत्या. तिथे आता टायरचं दुकान आहे."

"मग त्यातल्या खोल्या हव्यात कशाला?"

त्यांनी मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "तू फक्त बोल. मी आवाज नोंदवून घेतो."

"आज आवाज, उद्या अंगठा!" असं म्हणून आत्याने तोंड मिटलं ते मिटलंच.

संध्याकाळी विमा एजंट चुलतभावाचा फोन आला. "दादा, आजोबांचं काही शिल्लक निघालंय का रे?"

"काही नाही. शपथेवर सांगतो."

"शपथ घेतोयस? म्हणजे मोठंच काहीतरी दिसतंय."

ग्रंथपालांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा दुरुस्त केलेला खुलासा पाठवला : 'सदर कामाचा कोणत्याही मालमत्तेशी संबंध नाही, कृपया गैरसमज नसावा.' तोपर्यंत संशय दोघांनाच होता. आता तो साऱ्या ग्रुपला आला. "भाषा बघा," शिक्षिका असलेल्या चुलतबहिणीने लिहिलं, "ही त्याची नाही. वकिलाची आहे."

रविवारी ग्रंथपाल आत्याकडे गेले तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आत विमा एजंट फळं घेऊन आलेला, शिक्षिका त्याच्यावर नजर ठेवायला आलेली, आणि बाकीचे त्या दोघांवर नजर ठेवायला. मोबाइल टेबलावर ठेवताच सगळे त्याच्याकडे सरकले.

"आजोबांचा सगळ्यात जास्त जीव माझ्यावर," विमा एजंट मोबाइलकडे तोंड करून म्हणाला. "शेवटचं पाणी मीच पाजलं."

"तू? पाणी मी पाजलं!" शिक्षिका म्हणाली. "माझ्या मांडीवर डोकं होतं त्यांचं."

आणखी एकाने पाणी पाजलं, दुसऱ्याने पाय चेपले. ग्रंथपाल घाबरून ऐकत होते. इतिहास भरपूर जमत होता, पण त्यातला एकही शब्द नातवंडांना देण्यासारखा नव्हता.

"खोटारड्यांनो!" आत्या कडाडली. "तू तेव्हा पाळण्यात होतास, आणि ही तर जन्मलीही नव्हती! अण्णांना, तुमच्या आजोबांना, पाणी कोणीच पाजलं नाही. ते न्हाव्याच्या खुर्चीत गेले, अर्धी दाढी राहिली होती. न्हाव्याने रडत रडत उरलेली केली आणि मग आम्हाला बोलवायला माणूस धाडला. आणि खोल्या म्हणाल तर दोनच होत्या. अण्णा दारात आडवे झोपायचे, कारण ह्याचा बाप झोपेत चालायचा. रोज रात्री तो त्यांच्यावर आपटायचा आणि सकाळी दोघं एकमेकांशी अबोला धरायचे."

"म्हणजे पुढच्या खोलीत बाबांचा नियमित वावर होता!" विमा एजंट म्हणाला. "दादा, हे नोंदवलंस ना?"

आत्या अंधार पडेपर्यंत बोलत राहिली. सगळे एकमेकांकडे तिरके बघत, पुढच्या रविवारी नक्की येतो म्हणत उठले. ग्रंथपाल मागे रेंगाळले.

"आत्या, मी सगळ्यांना नीट सांगून टाकतो. काही शिल्लक नाही म्हणून."

"खबरदार!" आत्याने दार लोटून घेतलं. "मला काय माहीत नाही? घर विकलं तेव्हा सही मीही केली होती. तुझा त्या दिवशी संशय आला खरा, म्हणून त्या विमावाल्याला फोन केला. बोलता बोलता सही आठवली. पण फोन ठेवणार तोच हा विचारतो, 'आत्या, तब्येत कशी आहे?' किती वर्षांनी विचारलं रे कोणी!"

ग्रंथपाल पुन्हा खुर्चीत बसले.

"पुढच्या वेळी सगळ्यांसमोर तळघराचं विचार," ती हळूच म्हणाली. "मग जे आज आले नाहीत तेही येतील."

"तळघर? दोन खोल्यांच्या घराला तळघर होतं?"

आत्याने मोबाइलकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"खरंच होतं का, आत्या?"

"बघ," ती हसली, "तूसुद्धा येणार."