केसरबाईचं कपाट

हातात येणाऱ्या पगाराचे आपण मालक नाही, देवाचे नुसते कारभारी आहोत, असं चर्चमध्ये पाळकसाहेब एका रविवारी बोलून गेले आणि भोसरीच्या शांतवन साळव्यानं ते फारच मनावर घेतलं. (पाळकसाहेब पुढच्या रविवारी दुसऱ्या विषयावर बोलले. शांतवन काही पुढं सरकला नाही.) त्र्याहत्तर साल, महागाईनं कंबरडं मोडलेलं. चहातली साखर निम्मी झाली, रेडिओ विकला गेला.

त्यात पिंपरीला त्याच्या कंपनीत परदेशी मशीन आलं. त्याच्या खोक्याच्या फळ्या कामगारांना मातीमोलानं मिळाल्या. शांतवननं त्या सायकलला बांधून आणल्या, तेव्हा त्याची बायको केसरबाई उंबऱ्यातच हसत उभी राहिली. लग्नापासून तिच्या साड्या गोणपाटात होत्या.

"आता कपाट करा. दाराला आरसा जमला तर बघा."

"लाकूड एकाच वस्तूपुरतं आहे. शहाण्यानं शेवटाचा विचार आधी करावा. मी माझी पेटी करतो."

"कसली पेटी?"

"पुरायची. ऐनवेळी सुतार अडवून पैसे घेतात. तुझ्यावर बोजा नको."

केसरबाईनं फळ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आणि मी आधी गेले तर?"

"तुला काय धाड भरलीय?"

शांतवन जमिनीवर आडवा झाला, खडूनं स्वतःचं माप घेतलं आणि बोटभर लाकूड वाया न घालवता पेटी केली. ती खाटेखाली गेली. केसरबाईनं निमूटपणे तिच्यातच साड्या ठेवल्या. शेजारच्या दुर्गाबाई साखर मागायला येत, खाटेखाली नजर गेली की रिकाम्या वाटीनं परत जात. (ही पण बचतच, असं शांतवन म्हणे.)

त्या नाताळला केसरबाईनं गुडघे टेकून पेटी ओढली. "तुमच्या घरात नटायचं, ते पण मरणाच्या पेटीतून," म्हणाली आणि हसली.

दुसऱ्या नाताळाआधी तिला कावीळ झाली. आठवड्यात सगळं आटोपलं.

शांतवननं साड्या खाटेवर काढल्या, पेटी पुढं ओढली आणि जमलेल्या मंडळींना म्हणाला, "घरचीच आहे. हिच्यासाठी घ्या."

पेटी पुरेना. केसरबाई नवऱ्यापेक्षा वीतभर उंच. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्यानं त्याला विटेवर उभं केलं होतं, आणि तो फोटो इतकी वर्षं समोरच्या भिंतीवर होता. शेवटी खडकीच्या सुताराकडून दुसरी पेटी आणली. तो बिचारा अडून बसला नाही. आरशाच्या कपाटाला पडले असते, तेवढेच पैसे त्यानं घेतले. कबरीपाशी शांतवन लहान पोरासारखा रडला. त्याला फार दुःख झालं होतं, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

महिन्याभरानं त्यानं आपली पेटी भिंतीला उभी केली. आत फळ्या मारल्या, झाकणाला बिजागऱ्या लावल्या, बाहेरून आरसा बसवला. तिच्या साड्या घडी घालून ठेवल्या आणि दुर्गाबाईंना बोलावलं.

दुर्गाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "लई झ्याक झालंय, भाऊ. पण आरसा तुमच्याच मापानं लावलाय. केसरला तिचं तोंड दिसलं नसतं यात."

त्या गेल्यावर शांतवननं अंगणातून एक वीट आणली, आरशासमोर ठेवली आणि तिच्यावर उभा राहिला. खरंच, गळ्यापर्यंतच दिसत होतं.